चावीवाले मामांचं दाविदाशी भांडण

ज्या माणसाने एकतीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी सोडलं, त्याच्या वाट्याला म्हातारपणी दिवसाला पाऊण लिटर पाणी यावं, याला काय म्हणायचं? मामा स्वतः म्हणायचे, "देवाचा विनोद." आणि लगेच पुढे, "पण जमला नाही बरं का त्याला."

झालं असं की मामांच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. सोमवारी आणि गुरुवारी इस्पितळात जाऊन चार-चार तास मशीनला बांधून घ्यायचं, आणि बाकीचे दिवस कोरडे काढायचे. डॉक्टरांनी पाऊण लिटर सांगितलं ते सगळं धरून. सकाळचा चहा त्यातच, गोळ्या गिळायचे घोट त्यातच, भाजीतला रस्सासुद्धा त्यातच. मामी रोज सकाळी एक काचेची बाटली खुणेपर्यंत भरून खिडकीपाशी ठेवायच्या. चहा झाला की तेवढं पाणी त्यातून ओतून काढायच्या. संपली बाटली की संपला दिवस, मग घड्याळात अकरा वाजलेले असोत नाहीतर चार.

मामांनी एकदा चोरी केली होती. दाढी करून येतो म्हणून गेले आणि न्हाव्याच्या दुकानातल्या माठाला जे भिडले, ते तीन मोठे पेले रिचवूनच थांबले. संध्याकाळी छातीत पाणी भरलं. श्वास घेता येईना, ओठ काळेनिळे. चार दिवस इस्पितळात काढले आणि मामींनी ते चारही दिवस बाहेरच्या बाकावर काढले. तेव्हापासून मामी न्हाव्याकडेही बरोबर जायच्या आणि दुकानाच्या दारात पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहायच्या. मामा त्यांना लाडाने जेलरबाई म्हणायला लागले. पहिल्या वर्षी लाडाने. दुसऱ्या वर्षी लाड गेला आणि नुसतं जेलरबाई उरलं.

लोकांना वाटतं, तहान म्हणजे काय, पाणी प्यायलं की गेली. अहो, प्यायचंच नसेल तर? मामांची जीभ दुपारी टाळूला चिकटायची आणि सोडवून घ्यावी लागायची. "बायबलात लिहिलंय ना जीभ टाळूला चिकटते म्हणून," ते सांगायचे, "मी ते चर्चमध्ये उभं राहून किती वेळा वाचलं असेल! मोठ्याने, अगदी भाव आणून. आणि वाचताना शेजारी पाण्याचा ग्लास भरलेला असायचा. कसला भाव नि कसलं काय. मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं."

पण मामांचे खरे दिवस बघायचे तर मागे जायला हवं. खांद्यावर साडेचार फुटी लोखंडी चावी, कमरेला टॉर्च, आणि पहाटे साडेचारला पहिलं झाकण उचललेलं. गावात नऊ गल्ल्या, प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटं. रस्त्यातल्या चेंबरमध्ये चावी सोडायची, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायची आणि पायाचे अंगठे रोवून फिरवायची. सोळा आटे. पाणी गल्लीत शिरलं की मामा उकिडवे बसून बिडी ओढायचे आणि घराघरातून भांड्यांचे आवाज सुरू झाले की हसायचे. ज्या वर्षी धरण आटलं, त्या वर्षी गल्लीला अकरा मिनिटं मिळत. बायका शिव्या घालत, पुरुष दमदाटी करत, कुणी चहा देऊन बाराव्या मिनिटासाठी गळ घालत. मामांनी चहा सगळ्यांचा घेतला आणि बारावं मिनिट कुणालाच दिलं नाही. स्वतःच्या गल्लीलाही नाही. त्या वर्षी मामींनी तीन महिने त्यांच्याशी धड बोलणं ठेवलं नव्हतं.

पाणी वाया गेलेलं मात्र त्यांना बघवत नसे. कुणाच्या नळाची धार दिसली की ओळख ना पाळख, सरळ घरात शिरून नळ पिळून बंद करायचे. एकदा एका लग्नघरी गेले, मांडवामागे नळ ठिबकत होता, तो वायसर बदलून दुरुस्त केला आणि तसेच घरी आले. नवरा-नवरीला भेटायचंच राहिलं!

असा माणूस चर्चमध्ये वाचायला उभा राहायचा. जुने पाळक मोठे मिश्कील. पाण्याचा उतारा आला की तो मामांच्याच गळ्यात घालायचे आणि उपासना संपली की व्हरांड्यात मुद्दाम विचारायचे, "काय, आज काय हरकत आहे?" हरकत असायचीच. मोशेने खडकावर काठी मारली आणि पाणी आलं, यावर मामांचं म्हणणं, "मोशेला खालची लाइन माहीत असणार. उगाच कुठेही मारून येत नाही." विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली ती शोमरोनी बाई मात्र त्यांना एका वाचनात समजली. "पाळकसाहेब, सकाळच्या रांगेत बायकांनी तिला उभी राहू दिली नसणार. माझ्या चौथ्या गल्लीत आहे अशी एक. ती पण दुपारीच येते." पाळक म्हणाले, "हे कळायला मला चार जाडजूड पुस्तकं वाचावी लागली."

आणि मग दावीद आला.

गोष्ट साधी. दावीद राजा लढाईत अडकलेला, घशाला कोरड पडलेली. तो सहज बोलून जातो, माझ्या बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कुणी आणून देईल का मला? त्याचे तीन शिपाई ते ऐकतात, शत्रूची छावणी फोडून जातात, विहिरीतून पाणी काढतात आणि जीव वाचवून परत येतात. दावीद ते पाणी हातात घेतो. पीत नाही. देवापुढे जमिनीवर ओतून टाकतो.

इथपर्यंत वाचून मामा थांबले. पुन्हा ती ओळ बोटाने शोधली. आणि भरल्या चर्चमध्ये मोठ्याने म्हणाले, "सांडलं?"

लोक हसले. मामा हसले नाहीत. व्हरांड्यात त्यांनी पाळकांना धरलंच. "तीन माणसं जीव मुठीत घेऊन पाणी आणतात आणि हा ते मातीत घालतो? माझ्या हाताखाली असता ना, दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता!" पाळकांनी समजावलं की बाबा, ते पाणी त्याला त्या माणसांचं रक्त वाटलं, म्हणून पिववेना. मामा म्हणाले, "मग त्या तिघांना पाजायचं. सांडायचं कशाला?" हे भांडण चौदा वर्षं चाललं. पाळक निवृत्त झाले तरी चाललं, आणि पाळक वारले तेव्हा मामा त्यांच्या पेटीपाशी उभे राहून रडत रडत म्हणाले, "माणूस गेला, पण मला काही पटवू शकला नाही."

मामांच्या आजारपणात दर बुधवारी दुपारी तिघं यायचे. पाणीखात्यातले जुने सोबती: पंपवाला, फिटर आणि मीटरवाला. पंपवाल्याचा गुडघा गेलेला, फिटरच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, मीटरवाल्याचा एक डोळा नुसता शोभेला. तिघांत मिळून एक धड माणूस झाला असता, पण जीभ प्रत्येकाची शाबूत. मामी त्यांना चहा द्यायच्या तो स्वयंपाकघरात, मामांच्या नजरेआड. तिघं तिथे उभ्याने चहा संपवून, तोंड पुसून बाहेर यायचे.

एका बुधवारी फार उकडत होतं. बाटली बारालाच रिकामी झालेली. बोलता बोलता गोष्ट टेकडीवरच्या विहिरीवर गेली. जुनी टाकी होती तिथे खडकात खोदलेली विहीर. टेकडी चढायला दोनशे चाळीस पायऱ्या. चौघं तरुण होते तेव्हा पहाटे कामाला लागण्याआधी तिथे जमायचे, पोहरा सोडायचे आणि ओंजळी भरभरून प्यायचे. इतकं गार की कपाळ दुखायचं. मग नवी योजना झाली, पाणी दुसरीकडून आलं आणि टेकडीच्या फाटकाला कुलूप लागलं.

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकदा ते पाणी प्यायला मिळायला हवं होतं रे."

एवढंच. तक्रार नव्हे, मागणी नव्हे. वधस्तंभावर येशूही म्हणालाच ना, तहान लागली म्हणून? तहान कुणाला तरी सांगितली की तेवढीच हलकी होते. मामा बोलले आणि विसरले.

पुढच्या बुधवारी तिघं दोन तास उशिरा आले. फिटरची पँट गुडघ्यावर फाटलेली. पंपवाल्याचं कोपर सोललेलं, बाहीवर रक्त सुकलेलं, आणि तो दोघांच्या मध्ये लंगडत होता. मीटरवाल्याच्या हातात झाकणाची स्टीलची किटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ती त्याने मामांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली.

"काय रे हे?" मामांनी विचारलं.

"ओळख," फिटर म्हणाला.

मग तिघं एकदम बोलायला लागले. कुलूप फिटरने तारेने उघडलं ("मीच बसवलेलं, मला नाही उघडणार?"). पायऱ्या अर्ध्या ढासळलेल्या. पंपवाला शंभराव्या पायरीवरून जो घसरला, तो ऐंशीव्या पायरीवर झुडपात अडकला. खाली चला म्हटलं तर ऐकेना, बसत बसत वर चढला. मीटरवाल्याने एका डोळ्याने दोर सोडला आणि सवयीने पातळीही मोजली. "चौदा फुटांवर आहे. आपल्या वेळी नऊ होती." तिघांच्या तोंडावर असा आनंद, की जणू लढाई मारून आलेत. आणि त्या तिघांपैकी एकानेही आयुष्यात बायबल उघडलेलं नव्हतं!

मामा पुढे वाकले, झाकण काढलं. ओल्या खडकाचा वास आला आणि एकतीस वर्षं एकदम खोलीत शिरली. पहाटेचा गारठा, दोराचा करकर आवाज, चौघांचं हसणं, ज्यांच्या पाठीला अजून बाक नव्हता असे चौघं. मामांनी ग्लास भरला.

तेवढ्यात मामी दारात आल्या. किटली पाहिली, भरलेला ग्लास पाहिला आणि जागच्या जागी थिजल्या. बाटली सकाळीच संपली होती. तीन पेल्यांनी तेव्हा काय केलं ते त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं, आणि किटलीत दोन लिटर होते. एक घोट घेऊन थांबण्यातले मामा नव्हेत, हे मामांनाही माहीत होतं. पण पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे बघून मामींच्या तोंडून नको शब्द निघेना. त्यांनी फक्त चौकट घट्ट धरली.

मामांनी ग्लास ओठांपर्यंत नेला. ओठाला गारवा लागला. समोर पंपवाला बसला होता, कोपर मांडीवर धरून, हसत, पी पी म्हणून मान हलवत.

ग्लास तिथेच थांबला.

"बरोबर होतं त्याचं," मामा म्हणाले.

"कुणाचं?"

"दाविदाचं. घसा वाळून कोळ झालाय आणि गिळवत नाही रे. तू पडलास तिथून, मेला असतास म्हणजे?" आणि मामा रडायला लागले. रडत रडतच त्यांनी तिघांना ती सगळी गोष्ट सांगितली, ओतलेल्या पाण्यापर्यंत.

फिटर ताडकन उभा राहिला. "म्हणजे तू आता हे सांडणार? खबरदार हां! दोनशे चाळीस पायऱ्या चढलोय, ओत तर खरं, किटली डोक्यात घालीन!"

"ओतायला मी काय राजा आहे?" मामा म्हणाले. डोळे पुसले आणि दाराकडे वळले. "अगं, इकडे ये. बस इथे."

मामी आल्या. स्टुलाजवळ खाली टेकल्या. मामांनी ग्लास त्यांच्यापुढे धरला.

"पी."

"मी? मला कशाला? मला तहान नाही."

"खोटं बोलू नकोस. मला सांग, माझ्यासमोर शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

मामी किटलीचं ओलं फडकं सारखं करू लागल्या.

"दोन वर्षं झाली. मोरीत जातेस, कडी लावतेस, बादलीत नळ सोडतेस आणि त्या आवाजात उभ्याने पितेस. मला काय ऐकू येत नाही? आणि मी मेला तुला जेलर म्हणतो."

"तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही हो," मामी म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला. "तुम्ही असे बघत बसलेले, आणि मी काय गटागटा पिऊ?"

"पी. आज मी बघणार आहे. सगळा ग्लास."

तिघा सोबत्यांनी माना वळवल्या. मीटरवाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. मामींनी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि प्यायल्या. आधी बारीक घोट, मग मोठे, मग न थांबता. मामा त्यांच्या गळ्याकडे बघत होते, एकेक घोट उतरताना. स्वतःची कोरडी जीभ त्यांनी दोनदा ओठांवरून फिरवली, पण नजर हलवली नाही.

ग्लास रिकामा झाला. मामींनी तोंड पुसलं.

"कसं आहे?" मामांनी विचारलं.

"गार आहे."

मामांनी किटली उचलली आणि दुसरा ग्लास भरला.

"अजून घे," ते म्हणाले.