फ्लॅगिंग म्हणजे काय

बाबांचा फोन नेमका तास चालू असताना येतो. मी दारव्ह्याला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. त्या दिवशी फोन थांबेचना, म्हणून घाबरून वर्गाबाहेर आले.

"मॅच पाहून राह्यलो," बाबा म्हणाले. "तो इंग्रजीवाला म्हणते, बॉलर फ्लॅगिंग. आता बॉलरच्या हातात झेंडा कुठून आला?"

"झेंडा नाही बाबा. थकला तो."

"मंग टायर्ड काहून नाही म्हटलं?"

मी फोन कापला. बाबा जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. आई गेल्यापासून माझ्याकडे राहतात. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की त्यांना ब्रेक लागत नाही. संध्याकाळी चप्पल काढते न काढते तोच पुन्हा तेच. शेवटी मी डिक्शनरी काढली. सांगितलं, झेंड्याचा फ्लॅग वेगळा, हा वेगळा. हे क्रियापद आधी सैल लोंबणाऱ्या वस्तूसाठी होतं, मग माना टाकणाऱ्या रोपासाठी, आणि मग हळूहळू बळ ओसरणाऱ्या माणसासाठी. मूळ बहुधा लॅटिनमधल्या 'ढिला, लोंबता' अशा अर्थाच्या शब्दात असावं.

"बहुधा?" बाबा म्हणाले. "मास्तरीण असून बहुधा?"

"डिक्शनरीवाल्यांनाच नक्की माहीत नाही, तर मी कुठून आणू?"

"अन् हळूहळू म्हणजे किती हळू? एका दिवसात तर नाही ना होत?"

"बाबा, जेवा आता."

ते अर्धीच भाकर खाऊन उठले. त्यावरूनही मी बोलले.

रविवारी बाबा हट्टानं एकटेच बाजाराला निघाले आणि बराच वेळ आलेच नाहीत. वैतागून स्कूटी काढली. आमच्या गल्लीपासून थोड्याच अंतरावर, पुलाच्या कठड्यावर ते बसलेले दिसले. पिशवी रिकामी.

"किती वेळा सांगितलं, दमलात की ऑटो करत जा म्हणून!"

"दमलो नाही," बाबा म्हणाले. "दमलेला माणूस झोपला की ताजा होते. मी झोपून उठतो अन् तसाच. रोज थोडं थोडं गळून राह्यलो. आता बाजारही गाठणं होत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग हे सरळ सांगायचं ना! मॅच अन् झेंडा कायले मधात आणला?"

"सांगतलं असतं तर तू दवाखान्यात नेलं असतं."

"नेणारच!"

दुसऱ्या दिवशी यवतमाळला नेलं. तिथं डॉक्टरांना म्हणतात कसे, "मले काही नाही, पोरगीच घाबरट आहे." तपासणीत रक्त फार कमी निघालं. पोटात जखम होती आणि तिच्यातून थोडं थोडं रक्त जात होतं. गुडघे दुखतात म्हणून बाबा मला न सांगता मेडिकलमधून गोळ्या आणून रोज खात होते. जखम त्या गोळ्यांनीच झाली होती. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, रक्त चढवलं, औषधं लिहून दिली.

आता चेहऱ्यावर तरतरी आली आहे. बाजाराला जातात, मला न आवडणारी वांगी पिशवी भरून आणतात. काल पाहते तर भिंतीवरून शेजारच्या काकांकडे गुडघ्याची तीच गोळी मागत होते. मी धावत जाऊन पाकीटच हिसकावून घेतलं.

"एकच तर मांगतली होती," बाबा म्हणाले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.