आधी बोट घाल, मग बोल

"आधी बोट घाल, मग बोल." भोपाळमधल्या शिवाजी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांत कुणी रोपाकडे नुसतं बघून 'पाणी कमी पडलंय' म्हटलं, की शेजारच्या काकू हेच ऐकवायच्या. मग स्वतःचं बोट मातीत दोन पेरं रुतवून निकाल द्यायच्या. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल. आमच्या काकू जरा जास्तच होत्या.

कोपऱ्यावरचा मोठा कडुनिंब तोडला गेला. त्याची एक निंबोळी काकूंनी आधीच पिशवीत रुजवली होती. पण रोप जमिनीत लावायच्या आतच त्या निवृत्त झाल्या. होळीनंतर क्वार्टर सोडून नागपूरला लेकीकडे जायचं. भोपाळच्या उन्हाळ्यात रोज पाणी कोण घालणार? मी नोकरीवाली, माझा भरवसा मलाच नव्हता.

माझा नवरा जवळच्या मंडीदीपच्या कारखान्यात. तिथल्या बागेच्या मातीत मिसळायला आलेले हायड्रोजेलचे थोडे दाणे त्याने आणले.

"करतात काय हे?" मी विचारलं.

"पाणी पिऊन बसतात. मुळं लागेल तसं घेतात."

काकूंनी दाणे तळहातावर घेतले. "म्हणजे साबुदाणाच की."

आणि भिजवलेही तसेच. बुडतील इतक्याच पाण्यात, खिचडीला मोकळे राहावेत म्हणून! मग मातीत मिसळून रोप लावलं, वर बादलीभर पाणी. सकाळी बघतो तर अर्धवट भिजलेले दाणे खड्ड्यात फुगलेले आणि रोप मुळांसकट वर आलेलं.

"उठून बसलं बाप्पा," काकू म्हणाल्या. मला हसू आवरेना, त्यांचे डोळे भरलेले.

दुसऱ्यांदा चिमूटभर दाणे बादलीभर पाण्यात भिजवले, पार लगदा होईपर्यंत. रोप पुन्हा लावून काकू नागपूरला गेल्या.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. "काय म्हणतोय आपला कडुनिंब?"

"काकू, पानं सगळी गळली हो."

"बोट घातलंस?"

नव्हतं घातलं. फोन कानाला लावून तशीच खाली बसले. वरची माती भाजत होती. खाली गार लागलं, बोटाला मऊ दाणा चिकटून आला.

"ओलं आहे."

"मग जगेल."

पावसाळ्यात त्याला पालवी फुटली. काकू त्याआधीच गेल्या, झोपेतच. सांगायचं राहिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा त्यांच्या क्वार्टरमध्ये आलेल्या नव्या बाई रोपाकडे बघून म्हणाल्या, "ये तो सूख रहा है, दीदी."

मी म्हटलं, "पहले उँगली डालो, फिर बोलो."