घंटी तेवढी राहू द्या

दुष्काळात डेअरीत दूध कमी होतं आणि किस्से वाढतात. एरवी सकाळी मान वर करायला फुरसत नसायची. त्या साली मात्र नऊ वाजताच सगळ्या किटल्या धुऊन पालथ्या! मग ओट्यावर बसायचं, पाण्याच्या टँकरची वाट बघायची आणि बोलत राहायचं. मी धारूरजवळच्या आमच्या दूध सोसायटीचा सचिव. सचिव म्हणजे काय, दूध मीच मापणार, फॅट मीच बघणार आणि झाडूही मीच मारणार! तर त्या साली जेवढे किस्से जमले, ते जवळपास सगळे एकाच माणसाचे. आमच्या दत्तूचे.

दत्तू सायकलवरून घाटातलं दूध आणायचा. त्याची पद्धत ठरलेली. सकाळी घंटी वाजवत घाट उतरायचा. घंटी ऐकली की रस्त्याकडेच्या अकरा घरांतल्या बाया धार काढायला बसायच्या. तो पार खाली जाऊन परत चढत येईपर्यंत सगळ्या आपापलं भांडं घेऊन रस्त्यावर उभ्या. वीस वर्षं हेच. पहिली दहा घरं झाली की घाटमाथ्यावर शेवटची कौसाबाई. वय झालेलं, कानानं बहिरी, एकच गाय, अर्धा लिटर दूध.

पण दत्तूच्या सायकलीची फ्रेम तीनदा वेल्डिंग झालेली. आमचे चेअरमन अण्णा एकदा मीटिंगमध्येच बोलले, "एवढ्याशा दुधासाठी टेम्पो परवडत न्हाई. ही सायकल हाय तवर घाटाचं दूध. सायकल मोडली की घाट बंद."

घाट बंद म्हणजे दत्तू आणि त्याची बायको रुक्मिण कोयता घेऊन ऊसतोडीला, आणि सातवीतली पोरगी शाळेतून बाहेर. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्याच आठवड्यात डेअरीच्या भिंतीवर कागद लागला. हौशी सायकलवाल्यांची शर्यत! धारूरहून निघायचं, घाट उतरायचा, खालच्या गावातून वळून परत घाट चढून धारूर. पहिलं बक्षीस, गिअरची नवी सायकल.

दत्तूनं तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "सचिवसायेब, हा तर माझा रोजचा रस्ता हाय!"

* * *

नाव नोंदवायला मी त्याच्याबरोबर गेलतो. टेबलामागं शहरातला एक पोरगा बसलेला.

"कोणत्या क्लबकडून?"

"दूध सोसायटीकडनं."

"रेसचा अनुभव?"

"वीस वर्षं. सकाळ-संध्याकाळ."

त्या पोरानं पेन खाली ठेवलं. "वीस वर्षं रेस करताय? मग सुट्टी कधी घेता?"

दत्तू गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "म्हशी घिऊ देत न्हाईत."

* * *

शर्यतीसाठी सायकल हलकी करायची, असं आमच्या शफीकभाई मिस्त्रीनं ठरवलं. त्यानं मडगार्ड काढलं, स्टँड काढला, कॅरिअर काढलं, किटल्यांचे हूक काढले. "अब देखो मियाँ, कसं विमान झालं!"

दत्तू बसला. चार हात गेला आणि धाडकन डेअरीच्या पायरीवर पडला.

आम्ही उचलला. परत बसला, परत पडला! तेव्हा कुठं आमच्या ध्यानात आलं, या माणसानं वीस वर्षांत रिकामी सायकल कधी चालवलीच नव्हती. दोन्ही बाजूंना वजन नसलं की त्याचा तोलच जायचा.

शेवटी शफीकभाईनं घंटीला पाना लावला तसा दत्तूनं त्याचा हात धरला. "भाई, बाकी सगळं न्या. घंटी तेवढी ऱ्हाऊ द्या."

"कावून? रेसमध्ये घंटीचं काय काम?"

"काम न्हाई. पर घंटीबिगर मला घाट उतरता यायचा न्हाई."

घंटी राहिली.

* * *

मग ठरलं, किटल्या लावूनच सराव करायचा आणि रोज थोडं वजन कमी करत न्यायचं. पण किटल्यांत भरायचं काय? दूध नाही. पाणी भरावं तर टँकर चार दिवसांनी यायचा. पाण्याचं नुसतं नाव काढलं तर रुक्मिण म्हणाली, "पाणी सायकलीवर हिंडवायला न्याल तर घरात पाऊल टाकू नका."

गोदामात सरकी पेंड होती. ती भरली. झाकणं बसेनात म्हणून किटल्या उघड्याच ठेवल्या, आणि दत्तू निघाला चारा छावणीच्या रस्त्यानं.

आता छावणीतली जनावरं महिनाभर उसाचं वाळलेलं वाढं चघळत होती. पेंडीचा वास आल्यावर ती काय ऐकतात? दोन म्हशी दाव्यासकट खुंट उपटून दत्तूच्या मागं! दत्तू पुढं, म्हशी मागं, म्हशींच्या मागं त्यांचे मालक, आणि सगळ्यांच्या मागं घड्याळ हातात धरून मी.

डेअरीवर पोचल्यावर घड्याळ बघितलं. रोजच्यापेक्षा चार मिनिटं कमी!

शफीकभाई गंभीरपणे म्हणाला, "म्हशींचं पण नाव नोंदवा."

* * *

शर्यतवाल्यांनी नंबर लावलेला टी-शर्ट दिला. शहरातल्या एका पोरानं मोठ्या मनानं आपली एक घट्ट चड्डी दिली. सायकलवाले घालतात ती, मांडीला चिकटलेली.

दत्तूनं ती घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिण ती कागदात गुंडाळून डेअरीवर घेऊन आली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ, शर्यत खाली कुठनं वळतीया?"

"खालच्या गावातून."

"ते माझं म्हायेर हाय. माझा बाप पारावर बसलेला असतो. जावई ह्या चड्डीवर दारावरनं जानार? एकदा न्हाई, जाताना आन येताना?"

दत्तू पायजम्यावर पळाला. सुतळीनं पोटरीला बांधून.

तीच रुक्मिण शर्यतीच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, जिंकतील का हो? पोरगी लई हुशार हाय."

* * *

आता अण्णांचा किस्सा. आमच्या अण्णांची एम-एटी मोटारगाडी, म्हणजे छोटी दुचाकी होती. चेअरमन झाले त्या साली घेतलेली. रोज फडक्यानं पुसायचे, सावलीत लावायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी नुसता तिच्यावर रेलून उभा होतो तर म्हणाले, "सचिव, खुर्ची हाय की आत!"

बारा वर्षं चेअरमन, पण घाटातल्या घरांवर अण्णा एकदाही गेले नव्हते. रस्ता खराब, शॉकअप जातो म्हणायचे. मतं मागायलासुद्धा गेले नाहीत, कारण दर वेळी बिनविरोध. माणूस वाईट नव्हता हो. फक्त गाडीवर जीव फार.

* * *

आणि आता शर्यतीचा दिवस. तोवर दत्तूला रिकामी सायकल जमायला लागली होती. यात माझी चूक आहे, ती आधी सांगतो. "त्या दिवशी दूध शर्यतीनंतर घेऊ, भांडी घेऊन उभं राहू नका," हा निरोप घाटात द्यायचं काम माझ्याकडं होतं. घाटात फोन लागत नाही, स्वतः जावं लागतं. मी झेंडे लावायच्या नादात साफ विसरलो.

पुढचं शफीकभाईनं सांगितलं, तो शर्यतवाल्यांच्या जीपमध्ये होता. शिट्टी झाली, सगळे घाट उतरले, आणि दत्तूनं सवयीनं पहिल्या वळणापासून घंटी वाजवायला सुरुवात केली! झालं. अकराच्या अकरा घरांत बाया धार काढायला बसल्या.

उतारावर गिअरवाली पोरं पुढं गेली. दत्तू मागून तिसरा. पण वळून चढ लागला तशी एकेक पोरगं मान टाकायला लागलं. दत्तूला कसला चढ! तो भरल्या किटल्या घेऊन वीस वर्षं हाच घाट चढत होता. एक गाठला, दोन गाठले, अर्ध्या घाटात दत्तू पहिला!

आणि रस्त्याच्या कडेला बाया भांडी घेऊन उभ्या.

"दत्तू, दूध!"

"आलोच!" दत्तू पळतोय.

"आरं दूध!"

"आलोच, वयनी, आलोच!"

असं दहा घरं. दत्तू पहिलाच. घाटमाथ्यावर मात्र कौसाबाई चरवी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. तिला 'आलोच' कुठलं ऐकू येणार! ती हलेना. दत्तूनं मागं बघितलं. पोरं वळणावर आली होती. त्यानं पुढं बघितलं. कौसाबाईनं चरवी पुढं केली.

दत्तू उतरला.

शर्यतवाल्यांनी दिलेली पाण्याची बाटली त्यानं काढली. पाणी सांडायचं कसं, म्हणून ते रस्त्याकडेला ठेवलेल्या तिच्या कळशीत ओतलं आणि बाटलीत दूध घेतलं. कौसाबाई म्हणाली, "आता पानी बी देतोस? लई झालं बाबा." तेवढ्यात एक पोरगं बाजूनं निघून गेलं.

मी शेवटच्या रेषेवर होतो. पहिलं ते पोरगं आलं. दत्तू दुसरा आला, पण थांबलाच नाही! रेषा ओलांडून सरळ डेअरीवर. आम्ही सगळे मागं पळालो. रुक्मिण, अण्णा, मी, शफीकभाई.

दत्तू पायरीवर बसलेला, घामानं थबथबलेला. त्यानं बाटली माझ्यापुढं धरली.

"फॅट बघा. ऊन हाय, नासंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, "दत्तू, निरोप माझ्याकडं होता रे. मी विसरलो. माझ्यामुळं गेली तुझी सायकल."

"ते ऱ्हाऊ द्या. बाटली एकच होती. दहा जनी अजून उभ्या हायत." तो उठला आणि किटल्या लावायला सायकलीकडं गेला. शफीकभाई तिथं उकिडवा बसलेला. त्यानं फ्रेमवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. वेल्डिंग आरपार उकललं होतं.

रुक्मिणीनं तोंडाला पदर लावला. सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. सायकल मोडली की घाट बंद, हे त्यांनीच सांगितलेलं.

अण्णांनी खिशातून एम-एटीची चावी काढली.

दत्तू म्हणाला, "अण्णा, मला गाडी येत न्हाई."

"तुला कोन चालव म्हनलं बे? मागं बस. किटल्या धर."

दत्तूनं मोडक्या सायकलीची घंटी काढून घेतली आणि मागं बसला. मी आणि शफीकभाई त्याच्या स्कूटरवर त्यांच्या मागं निघालो. खड्डा आला की अण्णा "आई गं" म्हणत होते, जसा काही तो त्यांच्याच पाठीत बसला. मागं दत्तू, शर्टावर नंबर तसाच, दोन्ही बाजूंना किटल्या, आणि हातातली घंटी वाजवतोय.

पहिल्या वळणावर घागर घेऊन एक बाई उभी होती. तिनं दूध ओतलं, गाडी बघितली, अण्णांना खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि दत्तूला विचारलं, "ह्यो मानूस नवीन लागला व्हय रं?"

दत्तूला घाम फुटला. "आगं वयनी, हे..."

अण्णांनी त्याला हातानं गप्प केलं.

"व्हय माय," अण्णा म्हणाले, "आजपासनं."