प्वातूकडची मोरिसेत

ओव्हेर्नच्या डोंगरात शांबेराक नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत प्वातवँ घराण्याचं सगळ्यात जुनं थडगं आहे, त्याच्यावरची अक्षरं पावसाने आणि शेवाळाने कधीच खाऊन टाकली. इतक्या पिढ्या ही माणसं तिथेच जगली आणि तिथेच मेली, तरी गावाच्या लेखी ती बाहेरचीच राहिली. कारण एकच, आडनाव. प्वातवँ म्हणजे प्वातूकर, प्वातूकडचा. आणि प्वातू म्हणजे पार पश्चिमेला, समुद्राच्या अंगाचा सपाट मुलूख. शांबेराकहून तिकडे जायचं तर गाडीने अख्खा दिवस मोडतो.

मोरिसेत प्वातवँ हे लहानपणापासून ऐकत आली होती. शाळेत पोरं तिला ‘प्वातूची खेचरी’ म्हणून चिडवायची, कारण त्या मुलखाची खेचरं प्रसिद्ध. मोठी झाल्यावर चिडवणं थांबलं, पण टोमणा गेला नाही. झऱ्याच्या पाण्यावरून किंवा कुरणाच्या हद्दीवरून वाद निघाला, की कुणीतरी हळूच म्हणायचंच, “जाऊ दे, तुम्ही तिकडची माणसं, तुम्हाला इथलं काय कळणार?” बेकरीवाला लेओंस तर पाव हातात देतानाही सोडायचा नाही. “भाजलाय तेवढा पुरे ना? का प्वातूत याहून करपलेला खातात?”

“आमच्या प्वातूत पाव करपवणाऱ्याला बेकरी काढू देत नाहीत,” मोरिसेत म्हणायची आणि पाव काखेत मारून चालू लागायची.

‘आमच्या प्वातूत’ हे ती ठसक्यात म्हणे, पण तिने प्वातू पाहिलं नव्हतं. घरात एक गोष्ट चालत आलेली होती, तेवढीच. कोणे एके काळी खेचरांची शिंगरं जत्रेत विकायला प्वातूहून एक तरुण हाक्या, जनावरं हाकत आणणारा, आला, खिंडीत त्याचा पाय मोडला, एका विधवेने त्याला घरात घेतलं, आणि पाय बरा झाला तरी तो काही परत गेला नाही. त्याचं स्वतःचं नाव काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मोरिसेतने मात्र त्याच्यामागे एक अख्खा मुलूख मनात उभा केला होता. तिकडे तिच्या नावाच्या माणसांनी भरलेली गावं असतील, दुकानांच्या पाट्यांवर प्वातवँ, चर्चच्या बाकांवर प्वातवँ. तिथे कुणी नाव विचारलं, आपण सांगितलं, की समोरचा म्हणेल, “अगं मग आपलीच की!” यापलीकडे तिची काही मागणी नव्हती.

बाकी तिचं बरं चाललं होतं. लग्न तिने केलं नाही. भाऊ रेजिसनेही केलं नाही. दोघं मिळून तांबड्या गाई सांभाळायची. उन्हाळ्यात गाई डोंगरमाथ्यावरच्या कुरणात चढायच्या, आणि मोरिसेत तिथल्या दगडी झोपडीत राहून चीज करायची. त्या चीजच्या ढेपा खाली गावात आणायचं काम खेचराचं, कारण ती वाट इतकी उभी आणि घसरडी, की ट्रॅक्टर निम्म्यातून परत फिरायचा.

ते खेचर, म्हातारी मीनेत, एका हिवाळ्यात गोठ्यात उभं होतं ते खाली बसलं आणि उठलं नाही.

“चारचाकी मोटरसायकल घेऊ,” रेजिस म्हणाला. रेजिस दिवसाकाठी फार बोलत नसे. हे त्याचं त्या दिवशीचं मोठं भाषण.

“आणि ती बर्फात घसरली की तिला गाजर दाखवणार का तू? खेचरच आणायचं. आणि आणायचं तर प्वातूहून.”

रेजिसने तिच्याकडे पाहिलं. खेचर जवळच्या बाजारातही मिळालं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. “बरं,” तो म्हणाला आणि शेजाऱ्याकडे गुरांची गाडी मागायला गेला.

वसंत लागल्यावर दोघं निघाली. मोरिसेतने चर्चला जायचा निळा कोट घातला होता. दुपारनंतर डोंगर मागे पडले, मग टेकड्याही संपल्या, आणि मग नुसतं आभाळ. “डोळा टेकवायला काहीतरी हवं ना,” रेजिस पुटपुटला. मोरिसेतला मात्र सगळंच छान दिसत होतं. पाण्याच्या चाऱ्या, त्यांच्या काठचे छाटलेले वृक्ष, बुटकी पांढरी घरं. प्रत्येक गावात शिरताना ती दुकानांच्या पाट्या वाचत होती. मूलें, तेक्सिए, बोदुएं, परत मूलें. प्वातवँ अजून आलं नव्हतं.

खेचरांची पैदास करणारी रेमोंद गेरिनो पाणथळ भागाच्या कडेला राहायची. दांडगी बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज. तिने दोघांना आधी खेचर दाखवलं. ब्रुनेत नावाची चॉकलेटी रंगाची तरणी मादी, कान असे लांब की तोल सांभाळायला ठेवलेत वाटावं. सौदा लगेच ठरला. मग रेमोंदने त्यांना जेवायला बसवलं. पांढऱ्या घेवड्याची घट्ट उसळ आणि त्यावर हॅमचा जाड काप. पहिला घास खाऊन झाल्यावर मोरिसेतने घसा साफ केला.

“आमचं आडनाव प्वातवँ. इथे आमची माणसं कुठल्या गावात आहेत, सांगता का? नुसतं भेटून जाऊ म्हटलं.”

रेमोंदचा चमचा हवेतच राहिला. “प्वातवँ? इथे?” आणि तिला असं हसू फुटलं, की कुत्रं टेबलाखालून उठून बाहेर गेलं. “अहो बाई, इथे सगळेच प्वातूकर! कुणाला कोण कशाला प्वातवँ म्हणेल? मी गोठ्यात जाऊन ‘ए खेचरा’ अशी हाक मारली तर कोण मान वर करणार? सगळीच करतील, नाहीतर एकही नाही करणार.”

मोरिसेतने चमचा ताटात ठेवला.

रेमोंदला कळलं की आपण जरा जास्तच हसलो. ती आवाज खाली आणून म्हणाली, “हे बघा, तुमचा जो कुणी पूर्वज इथून गेला, त्याला इथे दुसरंच काही म्हणत असणार. बापाच्या नावाने, नाहीतर शेताच्या नावाने. हे नाव त्याला तुमच्या डोंगरात मिळालं. तो प्वातूहून आला म्हणून तिथल्यांनी त्याला प्वातवँ म्हटलं. जो इथून हललाच नाही, त्याला ते कसं मिळेल?”

मोरिसेतला हे पटलं. इतकं सरळ होतं, की आपल्या आधीच का ध्यानात आलं नाही याचीच तिला लाज वाटली. ती “जरा ब्रुनेतला बघते,” म्हणून उठली आणि गोठ्यात जाऊन खेचराच्या मानेला हात लावून उभी राहिली. इतकी वर्षं मनात जपलेली ती गावं, त्या पाट्या, ते बाक, सगळं एका जेवणात पुसलं गेलं होतं. रडू नाही आलं तिला. फक्त निळा कोट उगाच घातला असं वाटलं.

मागोमाग रेजिस आला. तो अजून घास चावत होता.

“म्हणजे मग आपलं नाव शांबेराकचंच निघालं,” तो म्हणाला. “तिथेच जन्मलेलं. लेओंसच्या पूर्वजांनीच ठेवलं असणार.”

“तू गप बस.”

“बसतो. उसळ गार होतेय.”

ती आत आली तेव्हा रेमोंद फोनवर ओरडत होती, “आल्सीद, शिडीवरून उतर आणि इकडे ये! तुझ्या गावची माणसं आलीत!” फोन ठेवून ती मोरिसेतकडे वळली. “प्वातवँ नाही, पण आमच्याकडे एक लोव्हेर्न्या आहे बरं का. ओव्हेर्नवाला! तोही त्याच्या नावाचा एकटाच.”

आल्सीद लोव्हेर्न्या कौलं घालणारा कारागीर होता, वाळक्या अंगाचा, साठीला आलेला, बायको वारून काही वर्षं झालेली. दारात बूट काढून, टोपी हातात धरून, तो मोरिसेतकडे असा बघत राहिला, जणू मावशीच भेटली.

“तुम्ही खरंच तिथून आलात? ओव्हेर्नहून?”

“खरंच म्हणजे? चीजचा वास येत नाही का अंगाला?”

“मी कधी गेलोच नाही हो. आमचे पूर्वज म्हणे लाकूड कापायला तिकडून आले, करवत खांद्यावर घेऊन. पण गाव कुठलं, काही कळलं नाही. लोक मात्र अजून चिक्कू म्हणतात. ओव्हेर्नवाला म्हणजे चिक्कूच असणार ना! माझ्या सासऱ्याने लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं, जावयाने बाटली आणली ती वाइनसकट, का नुसतीच?”

मोरिसेतला हसू आलं. मग तिने लेओंसचा करपलेला पाव सांगितला, आणि शाळेतली ‘खेचरी’ही सांगितली, जी तिने कुणालाच कधी सांगितली नव्हती. टोमण्यांना टोमणे जुळवत दोघं बसली. रेमोंद घेवडा वाढत राहिली आणि रेजिस खात राहिला.

“डोंगर कसा असतो हो?” आल्सीदने मध्येच विचारलं. “म्हणजे रोज समोर असला की कसं वाटतं?”

“वाटेत येतो,” मोरिसेत म्हणाली. “आणि तुम्ही इथे सकाळी उठून बघता तरी कशाकडे?”

“शेजाऱ्याकडे.”

दुसऱ्या दिवशी ब्रुनेत गाडीत चढेना. ओढून झालं, ढकलून झालं, गाजर झालं. रेजिसला एक लाथही झाली. शेवटी आल्सीद फळीवरून आत गेला, तशी ती निमूट त्याच्यामागे चढली. मागच्या वर्षी तो रेमोंदच्या गोठ्याचं छप्पर करत होता, तेव्हा रोज अर्धं सफरचंद तिला द्यायचा. तो खाली उतरला, तर तीही उतरली.

“आता काय करायचं?” मोरिसेत म्हणाली. “आम्हाला हिच्याबरोबर हेही लागणार असं दिसतंय.”

आल्सीद घरी जाऊन पिशवी भरून आला. पिशवी इतक्या लवकर भरली गेली, की ती आधीच भरलेली होती असं रेमोंदने नंतर सगळीकडे सांगितलं.

खिंडीत पोचल्यावर त्याने गाडी थांबवायला लावली. खाली उतरून तो कितीतरी वेळ वाऱ्यात उभा होता. वर अजून बर्फ होतं, खाली दरीत हिरवं फुटत होतं.

“हे सगळं आपलं?” तो म्हणाला.

“नाही,” रेजिस म्हणाला. “पण तो खालचा दगड तू घे.”

ती गावात शिरली तेव्हा लेओंस बेकरीच्या दारातच उभा होता. “हे कोण पाहुणे?”

“आल्सीद. प्वातूहून आलेत, खेचराबरोबर.”

“म्हणजे आणखी एक प्वातवँ!”

“अहो, मी लोव्हेर्न्या!” आल्सीद कळवळून म्हणाला. “मी मूळचा इकडचाच आहे!”

“इकडचा? आणि बोलणं तर पार समुद्राकाठचं! या या, प्वातवँ, पाव घ्या.”

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव त्याला प्वातवँ म्हणत होतं. ‘ते प्वातवँ खिळे मागत होते’, ‘प्वातवँना सांगा, दार ओढून घ्या’. मोरिसेत पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जणू तो पाय मोडलेला हाक्याच तिच्या समोरून चालत गेला होता. त्यालाही असंच कुणीतरी दारातून विचारलं असेल, आणि त्यानेही आपलं खरं नाव सांगितलं असेल, आणि कुणी ऐकलं नसेल. पण पाव मात्र दिला असेल.

आल्सीद गाई डोंगरावर चढेपर्यंत राहिला. ब्रुनेतला वाट शिकवली, आणि झोपडीच्या छपरावरचे निखळलेले दगड नीट बसवून दिले. कौलांचा माणूस, दगडी छप्पर त्याला नवं होतं. दोनदा चुकला, रेजिसने दोनदा दाखवलं. मग तो परत गेला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा आला. मग दर वर्षीच.

त्याच काळात कुरणाच्या बैठकीत कुणीतरी सवयीने म्हणालं, “तुम्ही तिकडची माणसं.” मोरिसेत शांतपणे म्हणाली, “तिकडे जाऊन आले. हे नाव तिकडे कुणी ओळखतसुद्धा नाही. तुमच्याच आज्या-पणज्यांनी ठेवलंय. आता नाव ठेवलंत तर पाणीही द्या.” लोक हसले, आणि झऱ्याची पाळी तिला मिळाली. टोमणा बंद झाला असं नाही. पण तिला आता तो घराच्या पत्त्यासारखा वाटायचा.

हिवाळ्यात, गाई गोठ्यात असताना, ती आणि रेजिस आठवडाभर प्वातूला जाऊ लागली. आल्सीदच्या सपाट बुडाच्या होडीतून पाण्याच्या चाऱ्यांमध्ये हिंडायची. तिथे बाजारात लोक तिला ‘ती ओव्हेर्नवाली’ म्हणायचे, आणि भाव करताना हसून हात टेकायचे, ही काही ऐकायची नाही म्हणून. तिथली बाम मासळी तिला आवडू लागली होती. रेजिस अजून तोंड लावत नाही. तो घेवडा मागून घेतो आणि खिडकीशी बसून शेजाऱ्यांकडे बघत राहतो.