कानबाईनंतरचा मंगळवार

माझ्या नातीला नाटकाच्या शाळेत जायचं होतं. साधं नाटक नाही, गाण्याचं नाटक. गाणं, नाच, बोलणं सगळं एकत्र शिकवतात म्हणे. शाळा पुण्याला, पण आमच्या भागातल्या पोरांची परीक्षा जळगावला घेणार होते. घरात हे कळलं तेव्हा माझे धाकटे दीर हसून म्हणाले, "नाटकनी शाळा कसाले वं? नाटकं ते तू घरमाच करस."

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, हसला नाही. "एकदाव जाय," तो म्हणाला. "नही जमनं ते डी.एड. कर. मंग माले काही सांगू नको." तो एकदा बोलला की बदलत नाही. पोरीला ते माहीत होतं, मलाही.

परीक्षा मंगळवारी. त्याच्या आदल्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, बसली, मोठ्या दिरांकडे. आमची सगळी भावकी तिथं जमते. नैवेद्याचे रोट होतात, आणि रात्रभर बाया देवीसमोर गाणी म्हणतात. आमच्यात आवाज म्हणाल तर या पोरीचाच. तिनं सुरुवात करायची, बाकीच्यांनी मागून ओढायचं. मी सांगून पाहिलं की हिला यंदा सोडा. जाऊबाई म्हणाल्या, "देवीपुढे नही म्हनशी का?" मग पोर बसली. मी मध्येच ओरडलेही, "हळू गाय वं, परवा तुनी परीक्षा शे!" पण तिला हळू गाता येत नाही. उजाडेपर्यंत गायली, आणि सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं तेव्हा तिच्या गळ्यातून फक्त वारा येत होता.

मग प्रत्येकीचं औषध सुरू झालं. हळदीचं दूध, ज्येष्ठमध, लवंग, मिठाच्या गुळण्या. ज्या बायांनी रात्री सोडलं नाही त्याच आता वाटी घेऊन मागे फिरत होत्या. मी सगळ्यांना घालवून दिलं आणि पोरीला म्हटलं, उद्यापर्यंत तोंड उघडायचं नाही.

मंगळवारी मुलाला कपाशीवर फवारणी होती, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. धुळ्याहून जळगावच्या एस.टी.त बसलो. तिकीट मी काढलं, कंडक्टरशी मी बोलले. पारोळा आल्यावर तिनं मोबाइलवर लिहून मला दाखवलं : 'परत जाऊ.' मी म्हटलं, तिकीट जळगावचं आहे.

तिथं हॉलबाहेर वीसेक पोरं बसलेली. कोणी आ-आ करत होतं, कोणी पाय ताणत होतं. आमची भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. "रडू नको," मी म्हटलं. "नाक बंद व्हई ते तेवढाबी आवाज जाई." तिनं डोळे पुसले. नाव पुकारल्यावर आत गेली.

दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. पेटीवाल्यानं सूर दिला. पहिली ओळ कशीबशी गेली, दुसरी फाटली. मला वाटलं, संपलं. मग एका बाईंचा आवाज आला, "गळ्याला काय झालं?"

"कानबाईसमोर गायले."

"किती वेळ?"

"सकाळपर्यंत."

"परीक्षा आहे हे माहीत होतं ना?"

"हो."

मग त्या बाईंनीच विचारलं की त्या रात्रीचं काही भरून ठेवलेलं आहे का. माझ्या पुतणीनं ते गाणं मोबाइलवर भरून पाठवलं होतं. पोरीनं ते लावलं. तिचा आवाज आला, चांगला, उंच. बाया मागून ओढतात तो आला. आणि मध्येच माझं ओरडणं. आतली माणसं खळखळून हसली. मी बाहेर मान खाली घालून बसले.

त्यानंतर तिला नाचायला लावलं, एक उतारा बोलायला लावला. बसलेल्या गळ्यानंच बोलली. निघताना त्या बाई म्हणाल्या, "गळा असा वापरलास तर वर्षभरात संपेल. कुठं थांबायचं हे आधी शिकावं लागेल." पोरीला वाटलं, हा नकार. मलाही तसंच वाटलं.

नऊ-दहा दिवसांनी दुपारी मोबाइल वाजला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यासमोर धरला. मी सावकाश वाचते, चौथीपर्यंतच शिकले. निवड झाली, एवढे दोन शब्द कळले आणि माझे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर ओढून धरले होते हे तेव्हा समजलं.

ती पुढे मोठी होईल की नाही, मला ठाऊक नाही. नाटकावर पोट भरतं का, तेही ठाऊक नाही. पण बापानं तिला एकच वेळ दिली होती आणि ती वाया गेली नाही.

मुलगा शेतातून आला. ऐकून म्हणाला, "कवय जानं शे?" कधी जायचं, एवढंच, दुसरं काही नाही. हातपाय धुतले, भाकर खाल्ली. मी आडवी झाले होते. तो ओट्यावर जाऊन कोणाला तरी फोनवर सांगत होता, "नाटकनी शाळामा लागनी पोर." ठेवला, दुसऱ्याला लावला, तेच सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी मला झोप लागली.