नोकरी असेल तरच शिपाई

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते थोरल्या वहिनीचं. निपाणीत आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. मला तंबाखूच्या वखारीत बसवायचं ठरलं, तेव्हा डोक्यावरचा पदर सावरत ती सासऱ्यांना म्हणाली, "भाऊजी कॉलेजात जातील." मी गेलो, पदवी घेतली. नव्वदनंतर बंगळूरला आलो, होसकोटेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागलो आणि प्रादेशिक सेनेत भरती झालो.

ही सेना पुष्कळांना ठाऊक नसते. वर कायम फौजेतले अधिकारी, खाली आमच्यासारखे कारकून, फिटर, दुकानदार. एरवी आपापलं काम करायचं, वर्षातून दोनेक महिने शिबिरात राहायचं, गरज पडली तर देश बोलावतो. वर्दीचा पगार वर्दीच्या दिवसांपुरता. म्हणून पोटाची सोय बाहेर हवी, ही मुख्य अट. शिबिराहून परतलेल्याला मालकानं कामावर घ्यायचं, असा कायदाही आहे.

दुसऱ्या शिबिराहून परतलो तर माझ्या खुर्चीत मालकाचा भाचा. मॅनेजर बंगळूरचेच जुने मराठी, बोलण्यात निम्मं कन्नड. म्हणाले, "या जनरलसाहेब! लाहोर घेतलं का?" सगळे हसले. मग आत बोलावून सांगितलं, "कायदा आहे, सरी, बरोबर आहे, घेतो की तुम्हाला. गेटवर लॉऱ्या तपासत उभे राहा. नाहीतर स्वल्प समजून घ्या, राजीनामा लिहा."

मी तिथंच लिहून दिला. वाटलं, फौज आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही.

युनिटमधल्या मेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी काढलं असतं तर मी भांडलो असतो. तुम्ही स्वतः सोडलीत?"

"साहेब, फौजेपायीच सोडली."

"अहो, नोकरी आहे म्हणून तर तुम्ही फौजेत आहात!"

दुसरी नोकरी शोधायला त्यांनी थोडी मुदत दिली. जयनगरपासून देवनहळ्ळीपर्यंत हिंडलो. दोन महिने गायब होणारा माणूस कुणालाच नको होता. शेवटी युनिटमधून नाव कमी झालं. त्या संध्याकाळी पत्र टाकलं:

"ती. सौ. वहिनीस सा. न.

वर्दी जमा केली. मालकानं ठेवलं नाही, म्हणून देशानंही ठेवलं नाही. गल्लीतल्या बायका तुम्हाला फौजीची वहिनी म्हणतात, त्यांना आता तसं म्हणू देऊ नका. दादाला तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं लिहवत नाही. तुमच्यामुळे झालेलं शिक्षण तेवढं माझ्याजवळ आहे. ते कुणी परत मागितलं नाही. कामाला मात्र अजून आलेलं नाही."