माझ्या सरपणापाशी संपलेलं सिंहांचं राज्य

शारजात असताना मी शेजारच्या म्हातारीच्या दोन कोंबड्या मारल्या. म्हणजे मारल्या मांजरानं, पण ताटात वाढल्या मी. तेही नकाशा काढून, अभ्यास करून.

साठच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांची, रत्नागिरीकडून नुकतीच आलेली, आणि दुनियेतलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री असलेली. दोष माझ्या भावाचा. तो आफ्रिकेत एका साहेबाची जीप चालवायचा. साहेब सिंहांच्या मागावर असे आणि भाऊ मला पत्रातून सिंह शिकवी: नर एकटा राज्य करत नाही, दोन-तीन भाऊ युती करतात, जोडीनं हद्दीवर फिरतात, झुडपांवर मुतून सीमा आखतात. सीमेपलीकडे त्यांचं काही चालत नाही, ही भर माझी. पाच पत्रांत मी तज्ज्ञ झाले. कमी होते ते फक्त सिंह.

शेजारी एक बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांतली, म्हातारी राहायची. मी तिला खाला, म्हणजे मावशी म्हणे, ती मला बिंती, म्हणजे लेकी. तोडक्यामोडक्या हिंदीत आमचं सगळं निभे. तिच्या मुलीचे दिवस भरत आले होते. बाळंतिणीला चाळीस दिवस अंडी हवीत म्हणून खालानं चार कोंबड्या पाळल्या होत्या. एका सकाळी त्यातली एक गेली. खुराड्याबाहेर पिसं, आणि वाळूत मांजराचे ठसे.

खाला ठसे बघायला वाकणार, तेवढ्यात मी म्हटलं, "खाला, आप बैठो. ये मेरा काम है."

वाळू वाचून हरवलेला उंट शोधणाऱ्या माणसांतली ती. आणि तिला बसायला सांगणारी मी!

तीन दिवस मी उन्हात ठशांमागे फिरले. वीतभर अंतरानं ठशांच्या दोन रांगा, खालाच्या खुराड्यापासून थेट माझ्या मागच्या अंगणातल्या सरपणापर्यंत. दोन रांगा म्हणजे दोन बोके. जोडीनं पहारा! रांगा सरपणापाशी संपत होत्या, म्हणजे राज्याची सीमा तिथं. सरपणाला उग्र वासही येत होता. आणखी पुरावा कसला हवा? नवऱ्याच्या ऑफिसच्या कागदामागे मी हे सगळं रेखाटलं.

"नकाशा बरा आहे," नवरा म्हणाला. "ह्यात जेवण कुठे दाखवलंय?"

मी खालाला निकाल दिला. खुराडं सरपणाच्या पलीकडे, माझ्या भिंतीला लावायचं. तिथं बोक्यांची सत्ता नाही.

"पक्का?" खालानं विचारलं.

"खाला, मेरा भाई असली शेर देखता है!"

खालानं खुराडं उचलून माझ्या भिंतीला लावलं. शहाण्या माणसांची हीच खोड, शिकलेल्या बाईचं ती ऐकतात.

दुसऱ्या सकाळी खुराड्याची झावळी फाटलेली, दोन कोंबड्या गायब, उरलेली एक छपरावर थरथरत बसलेली. मी लगेच म्हटलं, "बाहर का बिल्ला आया होगा. इधर सरकार बदल गया."

या वेळी खाला मला न विचारता वाकली. सरपणापासून खुराड्यापर्यंत पुन्हा दोन रांगा होत्या, चार हात लांबीच्या. तिनं एकीवर बोट ठेवलं, मग दुसरीवर. एकीतल्या पंजांचं तोंड खुराड्याकडे, दुसरीतल्यांचं सरपणाकडे. जाणं आणि येणं. परतीच्या रांगेशेजारी कोंबडी फरफटत नेल्याचा माग. मांजर एकच होतं.

मग तिनं दोन लाकडं बाजूला केली. आत एक हडकुळी मांजरी, आणि तिच्या पोटाला लुचणारी डोळे मिटलेली पाच पिल्लं.

मी रडायलाच लागले. मुलीचं बाळंतपण आठवड्यावर आलेलं, आणि कोंबडी उरली एक.

खालानं लाकडं होती तशी परत रचली, हात झटकले आणि म्हणाली, "रोती क्यों है, बिंती? मुर्गी बच्चेवाली के वास्ते था, बच्चेवाली ही खाया. खलास. अभी चालीस दिन अंडा तुम लाएगा. और भाई को चिट्ठी लिखो, इधर का शेर दूध पिलाता है."